बाद झालेल्याचं देणं

ज्या खेळात आपल्याला मिळण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही, तो खेळ नीट खेळण्याचं बंधन आपल्यावर असतं का? आणि असलं, तर आपण नेमकं कुणाचं देणं लागतो? प्रश्न असा मांडला की मोठा वाटतो. तो मला जिथे भेटला ती जागा मात्र अगदी किरकोळ आहे: मित्रमंडळींत चालणारी फॅण्टसी बेसबॉलची एक लीग, आणि तिच्यातला ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर हा महिना. किरकोळ जागेचा एक फायदा असतो. तिथे कुणाचं पोट अडकलेलं नसतं, कोर्टकचेरी नसते, भाऊबंदकी नसते. एवढं सगळं वजा करूनही बंधन उरलंच, तर त्याच्याकडे जरा निवांतपणे पाहता येतं.

आपल्याकडे फॅण्टसी क्रिकेट म्हटलं की एका सामन्यापुरता संघ, अनोळखी माणसं आणि पैशाचं आमिष, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेतला मूळ प्रकार यापेक्षा पुष्कळ संथ आहे. मार्चमध्ये दहा-बारा ओळखीची माणसं बसून मेजर लीगमधल्या खऱ्या खेळाडूंची आपसांत वाटणी करतात. एक खेळाडू एकाच संघात. मग सप्टेंबर संपेपर्यंत ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे काही करतील, त्याचे आकडे तुमच्या कागदी संघाच्या खात्यात जमा होत राहतात. तुमच्या हाती एवढंच, की कोण जायबंदी झाला, कुणाला खालच्या लीगमध्ये धाडलं, कोण आज खेळत नाही, यावर नजर ठेवायची आणि त्याच्या जागी दुसरा लावायचा. रोजचं काम दोन-तीन मिनिटांचं. पण रोजचं, आणि सहा महिने.

या खेळाचं मूळ प्राध्यापकांत आहे. १९६० साली विल्यम गॅमसन हा समाजशास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये होता. तिथे त्यानं सहकाऱ्यांबरोबर असा एक डाव मांडला आणि त्याला ‘बेसबॉल सेमिनार’ असं भारदस्त नाव दिलं. पुढे गॅमसनबरोबर हा डाव मिशिगन विद्यापीठात पोचला. तिथल्या एका प्राध्यापकाकडून तो डॅनिएल ओक्रेन्ट नावाच्या विद्यार्थ्याच्या कानावर गेला आणि १९८०मध्ये ओक्रेन्टनं न्यू यॉर्कमधल्या, बहुतेक प्रकाशन आणि पत्रकारितेतल्या, मित्रांना घेऊन त्याची नवी नियमावली रचली. ही मंडळी ‘ला रोटिसेरी फ्रान्सेज’ नावाच्या रेस्टॉरंटात जेवायला जमत, म्हणून ती ‘रोटिसेरी लीग’. गॅमसनचा स्वतःचा अभ्यासविषय होता माणसं एकमेकांशी आघाड्या कशा करतात हा. त्यावरचा त्याचा गाजलेला निबंध १९६१चा. या योगायोगाकडे पुढे परत यावं लागेल.

रोटिसेरीत बाद फेरी नव्हती. मोसमभराची बेरीज करायची आणि शेवटी पहिला कोण ते पाहायचं. आमच्या लीगमध्ये आहे. आम्ही बारा जण. मी तुलनात्मक साहित्यात एम.ए. करायला अमेरिकेत होते तेव्हाचे काही सहाध्यायी, त्यांचे नवरे-बायका, एकाचा मेहुणा. मी गेली कित्येक वर्षं हैदराबादला असते, बाकीचे तिकडच्या सात राज्यांत पांगलेले आहेत. दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी गाठ पडते. दहा रकाने असतात: बॅटिंगचे पाच, पिचिंगचे पाच. जितके रकाने जिंकाल तितके गुण. ऑगस्टअखेर पहिले सहा जण बाद फेरीत जातात. तिकडची रविवार रात्रीची शेवटची लढत म्हणजे आमची सोमवारची पहाट. साडेचारला सुरू होते आणि माझा दुसरा चहा होईपर्यंत आठवड्याचा निकाल लागलेला असतो. वर्गणी चाळीस डॉलर, म्हणजे पैशासाठी कुणी खेळत नाही. खरं सांगायचं तर आता या लीगखेरीज आम्हा बारा जणांना एकत्र ठेवणारं दुसरं काही उरलेलं नाही. कुणाचा घटस्फोट झाला, कुणाची आई गेली, हे मला पिचरांच्या अदलाबदलीच्या निरोपांमधूनच कळलेलं आहे.

तर गेल्या वर्षीचा शेवटचा साखळी आठवडा. आमच्यातला एक हायस्कूलचा मास्तर आहे. तो अकरावा होता आणि त्याच्या आशा जुलैतच संपल्या होत्या. त्याची गाठ पडली सातव्या क्रमांकावरच्या संघाशी, म्हणजे अजून आशा असलेल्याशी. मास्तरनं पाच आठवडे आपला संघ उघडूनही पाहिला नव्हता. त्याच्या लाइनअपमध्ये दोन जण महिन्यापासून जायबंदी, एक पिचर कोपराच्या शस्त्रक्रियेला गेलेला, आणि एकाला तर त्याच्या क्लबनं केव्हाच नारळ दिलेला. निकाल ९-१. सातवा सहावा झाला. आणि जी सहावी होती ती ग्रंथपाल मैत्रीण दोन रकान्यांनी बाहेर फेकली गेली. तिनं सगळ्यांना उद्देशून एकच ओळ लिहिली: ‘मी नक्की कुणाशी हरले?’ (आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. मराठी माझं, तो माझा धंदाच आहे.)

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मास्तरशी तिची त्या आठवड्यात लढतच नव्हती. मास्तरचा प्रतिस्पर्धी तर खूशच होता. त्याच्यावर कसला अन्याय? दोन माणसांचा डाव असता, बुद्धिबळाचा किंवा कॅरमचा, तर मध्येच हात टेकणं हा त्या दोघांचा मामला झाला असता. समोरचा म्हणाला असता, बरं, मिटव. इथे मात्र झळ लागली ती समोर नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीला. मराठी क्रीडापानांवर लीग पद्धतीला ‘साखळी’ म्हणतात. हा शब्द कुणी योजला कोण जाणे, पण ‘लीग’पेक्षा तो मला जास्त खरा वाटतो. साखळीत कुठलीही कडी फक्त शेजारच्या कडीला बांधलेली नसते. एक ढिली पडली की पाच कड्यांपलीकडच्या कुणाला तरी हिसका बसतो.

याचं जगातलं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण फुटबॉलमधलं. १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया हिहोन इथे खेळत होते. जर्मनी एका गोलनं जिंकली तर दोन्ही संघ पुढे जाणार होते. दहाव्या-अकराव्या मिनिटालाच तो गोल झाला आणि मग उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवत काढला. एकही नियम मोडला नाही. मैदानावरच्या कुणाचीच तक्रार नव्हती. बाहेर पडला तो अल्जीरिया, आणि त्यांचा शेवटचा सामना आदल्याच दिवशी होऊन गेला होता. तेव्हापासून विश्वचषकातल्या गटांचे शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात.

मास्तरनं मात्र असं काही रचलं नव्हतं. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं: ‘मी जुलैतच हरलो. हरलेल्या माणसाला घरी जाऊ द्या. शाळा सुरू झालीय, दीडशे पोरांचे निबंध तपासायचेत. हा खेळ आहे. मजा संपल्यावरही हजेरी मागतो तो खेळ कसला? ती नोकरी.’

हे सहज झटकून टाकण्यासारखं नाही. योहान हाउझिंगानं १९३८च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळाची पहिली खूण हीच सांगितली आहे, की तो स्वेच्छेचा असतो, हुकमानं खेळलेला खेळ हा खेळच राहत नाही. म्हणजे हाउझिंगा मास्तरच्या बाजूनं उभा आहे असं वाटतं. पण त्याच पुस्तकात त्यानं दोन माणसांत एक फरक केला आहे. एक लबाडी करणारा आणि दुसरा... इथे इंग्रजी अनुवादात ‘स्पॉइलस्पोर्ट’ असा शब्द येतो, आणि तो वाचून मूल तोंड फुगवून बसलंय असं काहीसं डोळ्यांपुढे येतं. मूळ डच शब्द ‘स्पेलब्रेकर’ आहे. मराठीत त्याला आणायला काही कष्ट पडत नाहीत: खेळ मोडणारा. हाउझिंगा म्हणतो की लबाड निदान खेळ मानतो, तो नियम पाळण्याचं सोंग तरी करतो. म्हणूनच समाज लबाडाला एक वेळ सांभाळून घेतो, खेळ मोडणाऱ्याला घेत नाही. खेळाचं जग किती तकलादू आहे हे तो उघडं पाडतो. ग्रंथपाल मैत्रिणीला बाहेर पडल्याचं दुःख नव्हतं असं माझं मत आहे. सहा महिने ती ज्या गोष्टीकडे रोज लक्ष देत होती, ती दुसऱ्या कुणाच्या लेखी पाच आठवड्यांपासून अस्तित्वातच नव्हती, हे तिला लागलं होतं.

आपल्या अंगणातल्या खेळांत यावर एक तोडगा होता: लिंबूटिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण तो आउट झाला तरी आउट नाही आणि त्यानं कुणाला शिवलं तरी राज्य येत नाही. मास्तर खरं तर लिंबूटिंबू होण्याचा हक्क मागत होता: मला मंडळींत राहू द्या, पण माझं काही मोजू नका. मागणी वाजवी आहे. अडचण एवढीच, की लिंबूटिंबू कोण हे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर ठरतं. मास्तर मनातल्या मनात लिंबूटिंबू झाला, आणि त्याचा ९-१ मात्र पक्क्या खेळाडूचा म्हणून मोजला गेला.

बेसबॉलमध्येच याच्या उलटचं उदाहरण आहे, आणि त्या रात्रीबद्दल आमच्या लीगमध्ये अजून बोललं जातं. २८ सप्टेंबर २०११, मोसमाचा शेवटचा दिवस. बॉस्टन रेड सॉक्स आणि टॅम्पा बे रेज या दोघांचे सारखेच ९० विजय; पुढे जायला जागा एकच. महिन्याच्या सुरुवातीला बॉस्टन नऊ सामन्यांनी पुढे होता आणि तिथून घसरत इथवर आला होता. त्या रात्री त्याची गाठ होती बाल्टिमोर ओरिओल्सशी. ओरिओल्स आपल्या विभागात शेवटचे, मोसमात ९३ पराभव, मिळवण्यासारखं शून्य. मध्ये पाऊस पडून खेळ तासाभराहून जास्त थांबला. हरलेल्या संघाला घराची ओढ लागावी अशीच रात्र. शेवटच्या इनिंगमध्ये बॉस्टन ३-२ पुढे, ओरिओल्सचे दोन बाद, बेसवर कुणी नाही. तिथून ख्रिस डेव्हिसचा डबल, नोलन रायमोल्डचा डबल, आणि रॉबर्ट अँडिनोचा फटका, जो डावीकडे धावत आलेल्या कार्ल क्रॉफर्डच्या हातमोज्यात राहिला नाही. ४-३. त्यानंतर काही मिनिटांतच तिकडे इव्हान लाँगोरियानं बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारला आणि टॅम्पा पुढे गेलं.

यावरून ओरिओल्सना कर्तव्यमूर्ती ठरवायचा माझा बेत नाही. बॉस्टनला रडवल्याचा आनंद त्यांनी नंतर मुळीच लपवला नाही. खुन्नस होती म्हणून ते खेळले असतील, पुढच्या वर्षीच्या करारासाठी खेळले असतील. पण टॅम्पाचं जे काही देणं होतं ते फिटलं. देणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. याच रात्रीचा दुसरा तुकडा जास्त अवघड आहे. टॅम्पासमोर होते न्यू यॉर्क यांकीज. त्यांचं पुढे जाणं आधीच पक्कं होतं. ते ७-० पुढे असताना त्यांनी एकामागून एक कमी महत्त्वाचे पिचर आणले, मारियानो रिव्हेराला हातही लावू दिला नाही, आणि हरले. बॉस्टनवाल्यांना हे खुपलं. माझ्या मते यांकीजचं चुकलं नाही, कारण रिव्हेराला राखून ठेवण्याचं त्यांचं कारण खेळाच्या आतलं होतं: पुढची फेरी. मास्तरचे निबंध खेळाच्या बाहेरचे. बाहेरचं कारण मोठं असू शकतं, कुणाचं दुखणंखुपणं असू शकतं. तेव्हा दोन ओळी लिहून संघ दुसऱ्या कुणाच्या हवाली करावा. आम्ही तसं केलेलं आहे.

इथे कुणी तरी निष्काम कर्माची आठवण करून देणारच. दिली आहेच, हैदराबादच्या माझ्या शेजाऱ्यांनी, चहा घेता घेता. पण मला ते इथे लागू पडतंसं वाटत नाही. निष्काम कर्मात फळावरची नजर काढून घ्यायची असते. इथे फळ ढळढळीत आहे, फक्त ते दुसऱ्याच्या ताटात पडणार आहे, आणि त्या ताटाकडे बघायचं आहे. नोकरी सोडणाऱ्याचा नोटिशीचा महिना असतो ना, त्याच्याशी याचं जास्त साम्य आहे. साहेबाला तुमच्याकडून आता काही नको असतं, तुम्हाला साहेबाकडून नको असतं. पण तुमच्या खुर्चीवर अजून नेमणूकही न झालेला कुणी तरी बसणार असतो, आणि फायली कशा लावून ठेवल्या आहेत हे त्यालाच भोगायचं असतं.

एवढं सगळं मी त्या आठवड्यात आमच्या मंडळींना सांगितलं, जरा जास्तच ठामपणे. मग बाद फेरी सुरू झाली.

माझा संघ पाचवा होता. उपांत्यपूर्व फेरीत हरला. उपांत्य फेरीत होता माझा सगळ्यात जुना मित्र, ज्यानं एका उन्हाळ्यात रेडिओ शेजारी ठेवून मला हा खेळ शिकवला. त्याच्यासमोर होता कुणाचा तरी तो मेहुणा. तो दोन वर्षांपूर्वी आलेला, मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. आमच्यात आठवड्याला पाच बदलांची मर्यादा आहे. मित्राचे पाचही झाले होते, मेहुण्याचा एक उरला होता, आणि रविवारी खेळणारा एक चांगला पिचर कुणाच्याच संघात नव्हता. शनिवारी मित्राचा निरोप आला: ‘त्याला तू घेऊन टाक. तुला बदल शिल्लक आहेत. म्हणजे त्याला मिळणार नाही.’

नियमात बसत होतं. बाद झालेल्यांनी बदल करू नयेत असा नियम आमच्याकडे नव्हता. शिवाय माझी त्या आठवड्यात पाचव्या जागेसाठी एक नावापुरती लढत चालूच होती. बाद झालेल्याच्या हाती काही उरत नाही असं आपण समजतो. वास्तविक त्याच्या हाती एक चमत्कारिक सत्ता येते: स्वतः राजा होता येत नाही, पण कुणाला करायचं ते ठरवता येतं. मास्तरनं ती सत्ता नकळत वापरली. मला ती जाणूनबुजून वापरायला सांगितलं जात होतं. गॅमसनला हे आवडलं असतं.

मी नाही म्हणाले. मित्र म्हणाला, ‘मास्तर काही करत नाही म्हणून तू त्याला सुनावलंस. आता तूच काही करत नाहीस.’

मी स्वतःपुरतं माप असं ठेवलं आहे: बाद झाले नसते तर जे केलं असतं तेच करायचं, त्याहून कमीही नाही आणि जास्तही नाही. अनुवाद करणाऱ्याला हे माप ओळखीचं वाटेल. मूळ मजकुरातल्या भांडणात आपलं काही अडकलेलं नसतं, तरी वाक्य गाळायचं नाही आणि पदरची भरही घालायची नाही. या मापानं पाहिलं तर तो पिचर मी घेतला असता का? माझ्या लढतीत मी स्ट्राइकआउटमध्ये पुढे होते, धावांच्या सरासरीत जेमतेम पुढे. आणखी एक पिचर लावून ती सरासरी मी धोक्यात घातली नसती. म्हणजे नसता घेतला. पण हा हिशेब मी मित्राचा निरोप आल्यानंतर केला, आधी नाही, आणि उत्तर सोयीचं आलं हेही मला दिसत होतं. उत्तर उलटं आलं असतं तर? तोच पिचर, तेच एक बोट स्क्रीनवर टेकवणं. माझ्या लढतीसाठी घेतला असता तर तो खेळ, त्याच्या सांगण्यावरून घेतला तर साटंलोटं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कधीच कळला नसता. लेव्हिनासनं म्हटलं आहे की समोरच्या चेहऱ्यापाशी आपली जबाबदारी सुरू होते, पण तिसरा आला की तुलना करावी लागते, न्याय आणावा लागतो. ते वाचताना मला तिसरा नेहमी एखाद्या बिचाऱ्यासारखा दिसायचा. इथे तो कुणाचा तरी मेहुणा होता, आणि चेहरा होता तो मित्राचा.

रविवारी त्या पिचरनं सात इनिंग टाकल्या, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं. मित्र ६-४ असा हरला. त्यानं मला काही बोलून दाखवलं नाही.

हिवाळ्यात आम्ही नियम बदलले. खऱ्या मेजर लीगनंही असं केलं आहे: हरण्याचा फायदा मिळू नये म्हणून २०२२च्या करारापासून नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिले सहा क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरतात, आधी सगळ्यात जास्त हरणाऱ्याला पहिली निवड आपोआप मिळायची. आम्ही ठरवलं की खालच्या सहा जणांचीही वेगळी फेरी होईल आणि ती जिंकणाऱ्याला मार्चमध्ये पहिली निवड. जायबंदी खेळाडू लाइनअपमध्ये राहिला तर पाच डॉलर दंड. बाद झालेल्यांना बदलांची मुभा नाही. ठराव एकमतानं झाला आणि उपाय लागू पडला. मी मत दिलं, पण त्या उपायाबद्दल माझं मन पूर्ण साफ नाही. आता ज्याला काही मिळवायचं नाही असा आमच्यात कुणी उरलेलाच नाही. प्रश्न सुटला, की प्रश्न विचारायची जागाच आम्ही बुजवली, हे मला सांगता येत नाही. ग्रंथपाल मैत्रीण म्हणते, मला तत्त्वज्ञान नको, समोर माणूस हवा, आणि पाच डॉलरांत मिळत असेल तर स्वस्त आहे. तिचं बरोबर आहे.

सध्या ऑगस्टचा तिसरा आठवडा चालू आहे. मास्तर पुन्हा अकरावा आहे. काल पहाटे उठून पाहिलं तर त्यानं जायबंदी शॉर्टस्टॉपच्या जागी खालच्या लीगमधून दोनच दिवसांपूर्वी आलेला एक एकवीस वर्षांचा पोरगा लावला होता. पाच डॉलरांसाठी की आणखी कशासाठी, मी विचारलेलं नाही. पोरगा चारदा बॅट घेऊन उभा राहिला आणि चारही वेळा स्ट्राइकआउट झाला. या आठवड्यात मास्तरची गाठ माझ्या जुन्या मित्राशी आहे, आणि मित्र सातवा आहे.